निर्माता : मी स्वतः

चांगली चालणारी गाडी माणूस दोनच कारणांनी विकतो. एक तर पैसे संपतात, नाही तर अक्कल. मी माझी स्पोर्ट्स कार विकली तेव्हा बँकेत बऱ्यापैकी शिल्लक होती, त्यामुळे उरलेलं कारण आमच्या घरात एकमतानं मंजूर झालं. ठराव बायकोनं मांडला, अनुमोदन पुण्याहून आईनं व्हिडिओ कॉलवर दिलं.

गाडी तशी दृष्ट लागण्यासारखी होती. जर्मन, दोन माणसांची, इंजिन पाठीमागे, छप्पर बटण दाबलं की घडी होऊन आपोआप आत जाणारं. रंग राखाडी, कारण लाल घ्यायला जी छाती लागते ती आमच्याकडे वंशपरंपरेनं नाही. दोनशेच्या वर अश्वशक्ती, वजन तेराशे किलोच्या आसपास. अडचण एवढीच की ब्रिटनच्या मोटरवेवर वेगाची मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे आपले ११२ किलोमीटर. त्या वेगाला ही गाडी झोपलेली असायची आणि हळूहळू तिच्याबरोबर मलाही डुलकी यायला लागली. तिला जिथून मजा यायला सुरुवात व्हायची तिथे माझं लायसन्स संपत होतं. चाक घसरलं तर काय करायचं, ब्रेक किती लावायचा, सगळं तिला माझ्या आधी कळायचं. माझी गरज फक्त विम्याचा हप्ता भरताना लागायची.

मी राहतो कॉव्हेंट्रीला. टाटांनी २००८ साली जग्वार-लँड रोव्हर घेतल्यापासून पुण्याचे मोटार-इंजिनिअर या भागात इतके आलेत की सुपरमार्केटात ‘शी, काय ही कोथिंबीर’ असं मोठ्यानं मराठीत म्हणायची सोय राहिलेली नाही. मीही त्यांतलाच. पोट गाड्यांवर भरतो, पण माझ्या गाड्या एक्सेलच्या चौकटींत धावतात. प्रत्यक्ष बॉनेट उघडायचं ते काच धुण्याचं पाणी भरायला. आमच्या घराण्याचं यांत्रिक ज्ञान वडिलांच्या स्कूटरपाशी येऊन थांबलं होतं. सकाळी ती सुरू व्हायला कुरकुरली की वडील तिला तिरकी करायचे, पेट्रोल पोचलं असं त्यांचं मन सांगेपर्यंत तशीच धरायचे आणि मग किक मारायचे. गाडी कलते तिकडे तिच्यातला पातळ पदार्थ जातो, हा एकच सिद्धान्त मला वारशानं मिळाला. तो पुढे लाखमोलाचा ठरला.

या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहेत शेजारचे म्हातारबुवा. उभा जन्म कारखान्यात फिटर म्हणून काढलेला. या गावात आधी सायकली बनायच्या, मग १८९६ पासून मोटारी बनायला लागल्या. ते इथल्या माणसाच्या हाडात शिरलंय. त्याला गॅरेज दिलं तर तो त्यात गाडी ठेवत नाही, गाडी बनवतो. एका रविवारी म्हातारबुवा माझ्या जर्मन गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, “सुरेख आहे. हिच्यातलं तू काय केलंस?”

“परवाच धुतली,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. इंग्रज माणूस अपमान करत नाही, तो विषय बदलतो.

आठवडाभरानं त्यांनी एक जीर्ण पुस्तक कुंपणावरून माझ्या हातात दिलं. रॉन चँपियन नावाच्या गृहस्थांचं, १९९६ सालचं. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बनवा, असं मुखपृष्ठावरच आश्वासन. फोर्डची एखादी जुनी एस्कॉर्ट घ्यायची, तिचं इंजिन, अॅक्सल, स्टिअरिंग काढायचं, चौकोनी लोखंडी नळ्या कापून, वेल्डिंग करून सांगाडा उभा करायचा आणि वरून अॅल्युमिनियमचा पत्रा चढवायचा. पुस्तक वाचून ब्रिटनमध्ये किती तरी लोकांनी गॅरेजात वेल्डिंग सुरू केलं. अडीचशे पौंडांत ती कुणाची झाली ते विचारू नये. मुलीच्या लग्नात ‘मोजकीच माणसं बोलावू’ म्हणतात, तसा तो आकडा आहे.

त्या गाडीचा मूळ पुरुष म्हणजे लोटस सेव्हन. लोटसच्या कॉलिन चॅपमननी ती १९५७ साली बाजारात आणली. गाडीतून जे जे काढता येईल ते काढून टाकलं की उरते ती खरी गाडी, असं त्या माणसाचं तत्त्वज्ञान. छप्पर काढलं, दारं काढली, सोय नावाची गोष्टच काढली. आणखी एक गोष्ट त्यांनी काढली, ती म्हणजे कर. त्या काळी तयार गाडीवर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून गाडी खोक्यांतून सुटी विकायची. पण बरोबर जोडणीची माहिती दिली तर कर लागणार होता. तेव्हा लोटसनं म्हणे गाडी सुटी कशी करायची याची माहिती दिली, गिऱ्हाइकानं ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायची. हा किस्सा इंग्रज लोक मोठ्या कौतुकानं सांगतात. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला त्यात कौतुक वाटत नाही, आपलेपणा वाटतो. १९७३ साली व्हॅट आला आणि ही पळवाट बंद झाली. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीला दिले आणि तिथे ती आजही बनते. कर वाचायचा बंद झाला तरी गाड्या घरी बनवायची खोड काही सुटली नाही.

मी पुस्तक परत करायला गेलो तेव्हा म्हातारबुवांनी दुसरी गोळी झाडली. “एस्कॉर्टचं इंजिन आता कशाला? मोटरसायकलचं टाक.”

हे ऐकायला वेडगळ वाटतं, पण हिशेब चोख आहे. १९९८ साली आलेल्या यामाहा आर-वन या बाइकचं इंजिन ९९८ सीसीचं, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकएवढं. त्यातून निघतात दीडशे अश्वशक्ती. सहा गिअरचा गिअरबॉक्स त्याच डब्यात. सगळं मिळून दोन माणसं उचलून टेबलावर ठेवतात. साध्या मोटारीचं इंजिन साडेसहा-सात हजार फेऱ्यांना दमतं, हे साडेअकरा हजारांच्या पुढे जाऊन आणखी काही आहे का विचारतं. साडेचारशे किलोच्या गाडीत ते बसवलं तर टनामागे साधारण ३३० अश्वशक्ती. माझ्या जर्मन सुंदरीकडे टनामागे १६०. शिवाय असं इंजिन स्वस्तात मिळतं, कारण या देशात अशा बाइक घेणारेही पुष्कळ आणि ओल्या रस्त्यावर त्या आडव्या पाडणारेही पुष्कळ. बाइक भंगारात जाते, इंजिन शाबूत राहतं.

जर्मन गाडी गेली त्या दिवशी तिला न्यायला आलेल्या माणसानं विचारलं, “आता कोणती घेताय?” मी म्हणालो, “बनवतोय.” त्यानं पैसे जरा घाईनंच दिले.

मग खोकी आली. एका छोट्या कारखान्यातून सांगाडा आणि फायबरची नाकपट्टी. भंगारातून फोर्ड सिएराचं डिफरन्शियल आणि मागच्या चाकांचे हब. एका गृहस्थांच्या शेडमधून इंजिन, त्याच्याबरोबर वायरिंगचा एवढा मोठा गुंता की बायकोनं विचारलं, “हे कुठून सुरू होतं?” या प्रश्नाचं उत्तर मला कित्येक महिने मिळालं नाही. आईनं कॉलवर दिवाणखान्यातली चाकं पाहिली. म्हणाली, “अरे, इकडे असे गाडीचे सुटे भाग कुणाच्या घरात सापडले तर पोलीस येतात.”

कामाला लागल्यावर पहिल्यांदा कळलं की गाडी म्हणजे मुख्यतः भोकं. सांगाड्याला पत्रा लावायचा तर आधी भोक, मग रिव्हेट. पत्रा नळीवर चिमट्यानं धरायचा, पेन्सिलीनं रेघ मारायची, पंचानं खूण करायची, ड्रिल सरळ धरायचं, भोकाची कड साफ करायची, रिव्हेट घालायचा, पकड दाबायची आणि ‘खट्’ आवाज होऊन आतली तार तुटेपर्यंत दाबतच राहायचं. तो खट् मोठा गोड असतो. आपण आयुष्यात काही तरी पक्कं केलं अशी ग्वाही दर वेळी देतो. ऑफिसात वर्षानुवर्षं ईमेल पाठवूनही हे सुख मिळालं नव्हतं. फक्त असे खट् शेकड्यांनी करायचे असतात आणि शेवटी-शेवटी पकड दाबणारा पंजा चहाचा कपही धरेनासा होतो.

इंजिन बसवताना ते काटकोनात फिरवून, म्हणजे बाइकची डावी बाजू गाडीच्या मागच्या दिशेला करून बसवतात. बाइकची साखळी जिथे चढते तिथेच प्रोपेलर शाफ्ट जोडायचा आणि तो मागे डिफरन्शियलला. कागदावर सोपं. पण इथे बाइक आणि मोटार यांच्या स्वभावातला मूळ फरक आडवा येतो. बाइक वळणावर कलते, त्यामुळे आतलं तेल तिच्याबरोबर तळाशीच राहतं. मोटार वळणावर ताठ उभी राहते आणि तेल बिचारं बाहेरच्या बाजूला जाऊन बसतं. पंपाचं तोंड उघडं पडतं, तेलाऐवजी तो हवा ओढतो. अकरा हजार फेऱ्या घेणाऱ्या क्रँकची बेअरिंगं क्षणभर कोरडी राहिली की इंजिनाची किंमत पुन्हा भंगाराच्या भावावर येते. म्हातारबुवा हे समजावून सांगायला लागले तेव्हा मी त्यांना मध्येच थांबवलं. म्हटलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, वडिलांची स्कूटर होती. उपाय म्हणून तेलाच्या चेंबरमध्ये आडवे पत्रे घालून त्यांना छोटी झुलती दारं लावतात. तेल पंपाकडे येऊ शकतं, उलट जाऊ शकत नाही. एकेरी वाहतुकीचा नियम कुणी तरी पाळतंय हे पाहून मला गहिवरून आलं.

दुसरी भानगड रिव्हर्सची. बाइकला रिव्हर्स नसतो, मागे न्यायची तर उतरून ढकलायची. इथला कायदा म्हणतो, ४१० किलोपेक्षा जड मोटारीला रिव्हर्स पाहिजेच. माझी गाडी भरत होती साडेचारशेच्या आसपास.

“चाळीस किलो कमी कर,” बायको म्हणाली. “तुझ्यापासून सुरुवात कर.”

“नियमात चालकाचं वजन धरत नाहीत,” मी म्हटलं.

“तरीही,” ती म्हणाली.

आईचा प्रश्न याहून मूलभूत होता. “रिव्हर्स नाही तर तू परत येणार कसा?” तिला वाटत होतं, मुलगा एकदा गाडी घेऊन निघाला की सरळ स्कॉटलंडपर्यंत जाणार. शेवटी शाफ्टवर दातेरी चक्र बसवून त्याला एक स्टार्टर मोटर लावली. बटण दाबलं की गाडी मुंगीच्या पावलांनी मागे सरकते. आवाज मात्र असा येतो की पहिल्यांदा ती चालवली तेव्हा आई फोनवर म्हणाली, “आधी मिक्सर बंद कर, काही ऐकू येत नाहीये.”

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तो शनिवार. आधी स्पार्क प्लग काढून ठेवले. इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवायचं, तेल सगळीकडे पोचून दाबाचा काटा हलेपर्यंत. म्हातारबुवा काट्यावर डोळा ठेवून वाकलेले, हातात चहाचा मग. काटा बराच वेळ शून्यावर झोपून राहिला, मग जरा थरथरला आणि एकदम उठून बसला. प्लग परत बसवले. बटण दाबलं. एकदा खोकला, दुसऱ्यांदा खोकला, आणि तिसऱ्यांदा जे काही निघालं त्यानं शेल्फवरचे नट-बोल्ट चालायला लागले. अॅक्सिलरेटरला नुसता अंगठा लावला तरी काटा तीन हजारांवरून सहा हजारांवर उडी मारून परत यायचा. समोरच्या घरातले पडदे हलले. म्हातारबुवांनी शांतपणे कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “आता नीट ऐकू येतंय.”

यानंतर सरकारी परीक्षा. घरी बनवलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्त्यावर यायचं तर आयव्हीए नावाची तपासणी पास व्हावी लागते. मोटारींसाठी ही २००९ पासूनची पद्धत. तपासनीस आला तो हातात चेंडू घेऊनच. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा. तो गाडीच्या अंगावरून फिरवायचा, जिथे टेकेल तिथली कड निदान २.५ मिलिमीटर त्रिज्येनं गोल पाहिजे. उद्या एखादा पादचारी गाडीवर आपटलाच तर त्याला ओरखडा येऊ नये. त्यामुळे उघडा नट दिसला की तो असभ्य समजतात, प्रत्येकाला प्लॅस्टिकची टोपी घालावी लागते. मी मुंजीत जेवढ्या पाहिल्या नसतील तेवढ्या टोप्या माझ्या गाडीनं घातल्या होत्या. तपासनीस डॅशबोर्डखाली डोकं घालून, बोटांनी प्रत्येक कड चाचपत, तासन्‌तास तोंडातून चकार शब्द न काढता फिरत होता. पुण्यात मुलगी बघायला येणारी मंडळी निदान पोहे खाताना तरी हसतात. मग ब्रेक, मग आरसे, मग स्टिअरिंग सोडल्यावर आपणहून सरळ होतं का ते, मग आवाज. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल. माझी गाडी तिच्या आत बसली. कशीबशी बसली, पण बसली. आमच्या वाड्यात भाऊबंदकीचं भांडण व्हायचं ते या तपासणीत उतरलं नसतं.

पास झाल्यावर प्रश्न आला गाडीच्या वयाचा. सांगाडा नवा, इंजिन एका सालचं, सिएराचे अवयव त्याच्याही कितीतरी आधीचे. सगळे भाग वेगवेगळ्या घरचे, कागदपत्रं अर्धवट. अशा गाडीचं जन्मसाल ठरवता येत नाही, म्हणून सरकार तिला ‘क्यू’ अक्षरानं सुरू होणारा नंबर देतं. इंग्रज मालकांना हे फार लागतं, अनौरस म्हटल्यासारखं. मला काहीच वाटलं नाही. आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे, त्यामुळे एका पिढीतला अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मलेला आहे. त्यांतले कित्येक पुढे कलेक्टर झाले. क्यू म्हणजे ब्रिटिश सरकारचा १ जून.

विमा काढताना मात्र खरी गंमत आली. फोनवरच्या बाईंनी विचारलं, “गाडीचा निर्माता?”

“मी स्वतः.”

“नाही, कंपनी?”

“मीच.”

“बरं. गाडी रात्री कुलूपबंद असते का?”

“दार नाहीये.”

“छप्पर?”

“नाही.”

“चोरीपासून संरक्षणाचं काही?”

“स्टिअरिंग काढून घरात नेतो.”

पलीकडे जरा शांतता पसरली. मग बाईंनी हप्ता सांगितला तो जर्मन गाडीच्या निम्म्याहून कमी. ही चोरायला कोण येणार, असा विचार त्यांनी केला असावा, पण त्या तसं म्हणाल्या नाहीत.

स्टिअरिंग काढायची सवय लागली आणि आता मी सुपरमार्केटात ते काखेत मारून फिरतो. लोक दोन पावलं लांब सरकतात, रांगेत पुढे जाऊ देतात. गाडीवर मी एक पाटीही लावली आहे, शुद्ध मराठीत: ‘गाडीस दार नाही. उघडण्याचा प्रयत्न करून आपले अज्ञान प्रकट करू नये.’ कॉव्हेंट्रीत ती फारशी कुणाला वाचता येत नाही. पण पाटी वाचणाऱ्यासाठी नसतेच, लावणाऱ्याच्या समाधानासाठी असते.

आता चालवण्याबद्दल. आत शिरायचं म्हणजे आधी सीटवर उभं राहायचं, मग पाय बॉनेटखालच्या बोगद्यात सोडायचे आणि कमरेनं खाली घसरायचं. बैठक रस्त्यापासून वीतभर. शेजारी ट्रक थांबला की त्याच्या चाकाचे नट बरोबर डोळ्यांसमोर येतात, आणि मी सवयीनं त्यांवर टोप्या आहेत का ते बघतो. इंजिनाला खालच्या फेऱ्यांत दम नाही, त्यामुळे सिग्नलवरून निघताना पाच हजारांवर नेऊन क्लच सोडावा लागतो. नाही तर ते बंद पडतं. बसस्टॉपवरच्या आजीबाईंना वाटतं की हा माणूस शर्यत लावतोय. प्रत्यक्षात मी फक्त निघण्याचा प्रयत्न करत असतो. गिअर बाइकसारखे, एका दिशेला पहिला आणि बाकीचे त्याच्या उलट दिशेला ओळीनं. न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये कुठे तरी दडलेला. तो मिळाला की मला लहानपणी देव्हाऱ्यामागे पडलेलं चार आण्याचं नाणं सापडल्यावर व्हायचा तेवढा आनंद होतो.

पण खरा व्यवहार इथेच उलगडतो. जर्मन गाडीत ताशी ७० मैलांना मी जांभई द्यायचो. हिच्यात त्याच वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन सहा हजारांच्या वर किंचाळतं, वारा गाल मागे ओढतो, किडे कपाळावर हौतात्म्य पत्करतात आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा मणक्यामार्फत आपली ओळख करून देतो. ताशी ४० मैलांनाच रामरक्षा आठवते. म्हणजे लायसन्सला धक्का न लावता पूर्ण भीती मिळते. जास्त वेग परवडत नाही, म्हणून मी कमी वेगात जास्त घाबरायची सोय करून घेतली. इंग्लंडमध्ये पाऊस पडतोच. गाडी चालत असेल तर तो बराचसा डोक्यावरून निघून जातो. सिग्नल लागला की आत येतो. लाल दिव्याचा खरा अर्थ मला या गाडीनं शिकवला.

बायको हिच्यात बसत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला मी पुष्कळ विनवण्या केल्या. ती म्हणाली, “पैठणी नेसून मी त्या पाळण्यात उडी मारणार नाही. तू ये, मी बसनं येते.” बाजूच्या सीटवर आजवर एकच मानाचे पाहुणे बसले, ते म्हणजे गणपती. घरची दुसरी गाडी बायको ऑफिसला घेऊन गेलेली, चतुर्थी दुसऱ्या दिवशी, मूर्ती लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर सांगून ठेवलेली. शेवटी मीच गेलो. दुकानदारानं गाडी पाहिली, मूर्ती पाहिली आणि म्हणाला, “उद्या घरपोच देऊ का?” मूर्तीला शालीत गुंडाळलं, सीटमध्ये उशा खोचल्या आणि चारपदरी शर्यतीचा पट्टा आवळला. पोटामुळे तो मला बसतो त्याहून त्यांना चांगला बसला. लेस्टरबाहेरच्या चौकात एक सरदारजी ट्रकवाला शेजारी थांबला. त्यानं वरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाप्पाकडे, आणि हात जोडले. नमस्कार बाप्पाला होता, पण चेहऱ्यावरची काळजी माझ्यासाठी होती. आम्ही एम ६९ वरून सुखरूप घरी आलो. जो देव उंदरावर बसून विश्व फिरतो तो गाडी लहान आहे म्हणून तक्रार करत नाही.

तक्रार करणारे दुसरे आहेत. माझा पुण्याचा मेहुणा मला अधूनमधून एकच व्हिडिओ पाठवतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांचा. त्यांनी जुने सुटे भाग जमवून घरीच छोटी चारचाकी बनवली, साठेक हजार रुपयांत. सुरू करायला चक्क दुचाकीसारखी किक. २०२१ च्या डिसेंबरात तो व्हिडिओ गाजला, आनंद महिंद्रांनी पाहिला आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांना मिळालीही. मेहुणा खाली एकच ओळ लिहितो: ‘त्यांनी घरी बनवलेली देऊन कंपनीची घेतली. तू कंपनीची देऊन घरी बनवलीस.’

व्यवहार म्हणून लोहारांचा चोख आहे, यात शंका नाही. गाडी दिली तरी हातातली कला काही बोलेरोबरोबर अदलाबदलीत गेली नाही, मनात आलं तर ते दुसरी उभी करतील. माझं तसं नाही. माझ्या हातातलं सगळं याच गाडीत रिव्हेट होऊन बसलंय. शिवाय कुणी घ्यायला आलाच तर पहिला प्रश्न विचारणार वॉरंटीचा, आणि ती द्यायची कुणी?

खरी अडचण हीच आहे, आणि आता तीच मला आवडायला लागली आहे. पूर्वी गाडीत काही वाजलं की मी सर्व्हिस सेंटरला फोन करून आवाज चढवायचो, तीन पिढ्यांच्या पुणेरी रक्ताला जागून त्यांना शालजोडीतले हाणायचो. आता ते सुख गेलं. गाडीतला प्रत्येक खट्, प्रत्येक थरथर, प्रत्येक तेलाचा थेंब माझ्या पत्त्यावर येतो. निर्माता मी, विक्रेता मी, तक्रार विभाग मी आणि तक्रारदारही मीच. बायको म्हणते, हे नवीन नाही, घरातल्या बाकीच्या गोष्टींतही असंच असायला हवं होतं.

सध्या डाव्या बाजूनं, दुसऱ्या गिअरमध्ये, वळणावर, कुठून तरी बारीक किर्र असा आवाज येतोय. कंपनीला कळवलंय. कंपनी म्हणते, शनिवारी चहा झाला की बघू.